कान लावून काढलेली थंडी

परवापासून पुन्हा थंडी पडली आहे. वसईत थंडी पडते म्हणजे एरवी काय होतं? पंखा एकवर येतो, वॉचमनच्या डोक्यावर माकडटोपी चढते, आणि आठवडाभरात सगळं आटोपतं. ही तशी नाही. सकाळी फरशीवर पाय ठेवला की गारठा पोटरीपर्यंत चढतो. खोबरेल तेलाची बाटली गोठून पांढरी झाली आहे. सोसायटीच्या ग्रुपवर शेकोटीचे फोटो फिरताहेत, वसईचं महाबळेश्वर झाल्याबद्दल एकमेकांचं अभिनंदन चाललंय. सगळे खूश आहेत. मी मात्र रात्रीतून दोनदा उठून गॅलरीतून खाली बघून आले आहे.

मी मुळातच भित्री भागूबाई. लिफ्ट अडकेल म्हणून जिना चढणारी, गॅस बंद केलाय का ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी. शाळेत भूगोल शिकवते. किनारपट्टीचं हवामान सम आणि दमट असतं, हे वाक्य मी इतकी वर्षं मुलांकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलं आहे की झोपेत विचारलं तरी सांगेन. त्या वाक्यावर माझा विश्वास होता. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्याने तो काढून घेतला.

आमची इमारत वसईजवळच्या उमेळे गावात, एका वाडीच्या अंगाला उभी आहे. वाडी म्हणजे काय, तर उरलेला तुकडा. चार रांगा केळी, थोडी अबोली, दोन-तीन आंबे, एक जांभूळ, पलीकडच्या कुंपणाशी शेवगा आणि मध्ये बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं आमच्याकडचं छोटं तळं. ही वाडी इनासकाकांची. सत्तरी ओलांडलेला, बारीक अंगाचा माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी विरारला दिलेली. काका एकटेच राहायचे, आणि विचारलं तर म्हणायचे, "एकटा कुठे? वीस हजार जनी हायत माझ्या घरात."

वीस हजार जणी एका लाकडी पेटीत राहत होत्या. आंब्याखाली, चार पायांवर उभी केलेली मधपेटी, आणि पायांखाली मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या. सातेरी जातीच्या माश्या, आपल्याकडच्याच, अंगाने लहान. पूर्वी काकांकडे अशा पाच पेट्या होत्या. आजूबाजूच्या वाड्या गेल्या, फुलं गेली, तशा एकेक करून पेट्याही रिकाम्या झाल्या. ही शेवटची. तिच्यापाशी काका रोज सकाळी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटोपून आले की गुडघे टेकून बसायचे आणि लाकडाला कान लावायचे. पहिल्यांदा गॅलरीतून पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारबुवा प्रार्थना करताहेत.

मग एकदा त्यांनी मलाही कान लावायला लावला. मी घाबरत घाबरत लावला. आत एक संथ, सलग आवाज होता, लांबच्या खोलीत शिवणयंत्र चालावं तसा. काका म्हणाले, "हा आवाज असा ऱ्हायला तर सगळं बरं हाय. हा तुटला की समजायचं." काय समजायचं, ते मी विचारलं नाही. मला अशा गोष्टी विचारायची भीती वाटते.

चार वर्षांपूर्वी नाताळाच्या तोंडावर काका माळ्याच्या शिडीवरून पडले. नाताळात बाळ येशूच्या गोठ्याचा देखावा मांडतात, त्याचे पुतळे काढायला वर चढले होते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि मुलीने त्यांना विरारला नेलं. हॉस्पिटलात नेण्यापूर्वी स्ट्रेचरवरून त्यांनी मला बोलावून घेतलं. चेहरा वेदनेने पिळवटलेला, पण बोलले ते पेटीबद्दलच.

"टीचर, रोज कान लावा. बाकी काय नाय. उघडायची नाय. आत त्यांनी ऊब धरलेली असते, झाकन उघडलं की ती गेली. काय वाटलं तर मला फोन करा. मी हाय."

मी मान डोलावली. काकांना नेलं आणि तिसऱ्या दिवशी ती थंडी आली.

माश्यांना थंडी सोसत नाही हे मला ठाऊक होतं. त्या ती कशी काढतात, हे मात्र तेव्हा पहिल्यांदा वाचलं. शाळेच्या ग्रंथालयात एक जुनं पुस्तक होतं, ते घरी आणलं आणि वाचून आणखीच घाबरले. माशी एकटी असली की गारठून खाली पडते, पंख हलेनासे होतात. म्हणून त्या सगळ्या मिळून एकमेकींना बिलगून गोळा करतात. राणी आणि पिल्लं मध्ये. बाहेरच्या माश्या डोकं आत खुपसून दाटीवाटीने बसतात. आतल्या माश्या पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवतात आणि त्या थरथरीने ऊब तयार होते. बाहेरच्या गारठल्या की आत सरकतात, आतल्या बाहेर येतात. या सगळ्याला लाकूडफाटा लागतो तो साठवलेल्या मधाचा. मध संपेपर्यंत थरथरायचं, ऊन येईपर्यंत टिकायचं.

आणि ऊनच येत नव्हतं. हे लक्षात आलं त्या सकाळी मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होते. आठ वाजले, नऊ वाजले, पलीकडच्या रस्त्यावर ऊन पसरलं, पेटी मात्र सावलीत. सावली आमच्या इमारतीची होती. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. आमची सात मजली इमारत वाडीच्या नेमकी आग्नेयेला उभी आहे. एरवी आठाला मिळणारं ऊन डिसेंबरात त्या पेटीला अकरापर्यंत मिळत नव्हतं. आम्ही राहतो ते घरच त्यांच्या उन्हाच्या आड आलं होतं, आणि त्याच घरात मी स्वेटर घालून उभी होते.

नवरा साताऱ्याकडचा. तिकडच्या थंडीत वाढलेला, त्यामुळे आमच्या थंडीला तो थंडी मानत नाही. "याला गारवा म्हणतात," तो म्हणाला. "गोणपाट टाक वर. आमच्याकडे जनावरांवरसुद्धा गोणपाटच टाकतात."

"गोणपाट दवाने भिजेल, कुजेल, वास मारेल," मी म्हटलं.

"मग तुझं तू बघ बाई."

मी बघितलं. मी मालवणाकडची, पावसात जन्मलेली. आमच्याकडे मे संपत आला की घरातला प्रत्येक माणूस काही ना काही झाकत असतो. लाकडं झाका, पडवी झाका, गोठा झाका. कुठलंही संकट आभाळातून येणार आणि त्यावर उपाय एकच, प्लॅस्टिक. वसईत आले तर इथेही तेच, जून आला की निळ्या कापडाखाली अर्धं गाव. थंडी म्हणजे काय आणि तिच्यापासून कसं वाचवायचं, हे आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना कुणी शिकवलेलंच नाही. मी माळ्यावरून पावसाळ्यातलं निळं प्लॅस्टिक काढलं आणि पेटीला चारी बाजूंनी घट्ट गुंडाळलं. वर सुतळीने बांधलं. फक्त माश्यांच्या दारापुरती फट ठेवली. वारा आत शिरायला तसूभर जागा राहिली नाही, याचं मला केवढं समाधान वाटलं.

तेवढ्यात काकांचा फोन आला. "माश्या कशा हायत?"

"छान आहेत," मी म्हटलं. "मी त्यांना नीट पांघरूण घातलंय."

काकांना बहुतेक औषधांची गुंगी होती. कसलं पांघरूण, ते त्यांनी विचारलं नाही.

पहिले दोन दिवस आवाज होता. तिसऱ्या दिवशी प्लॅस्टिकवरून कान लावला तर आवाज बदललेला. सलग नव्हता. मध्येच चढायचा, मध्येच अगदी बारीक व्हायचा. दारासमोर पांढरट काही पडलं होतं, तांदळाच्या जाडसर दाण्यांसारखं. वाकून पाहिलं तर पिल्लं होती. माश्यांनी स्वतःची मेलेली पिल्लं ओढून बाहेर टाकली होती. मी तिथेच खाली बसले. ती एका पानावर गोळा केली आणि केळीच्या बुंध्याशी पुरली.

दुपारी फोन आला. "माश्या कशा हायत?"

"छान आहेत."

खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. पण काकांचा आवाज इतका खोल गेलेला, आणि प्रश्न विचारताना त्यात इतकी आशा, की माझ्या तोंडातून दुसरं काही निघेना. खरं सांगितलं तर त्यांना काही होईल याची भीती. न सांगितलं तर माश्यांना काही होईल याची भीती. दोन्हींमध्ये मी जवळची भीती टाळली. असं चार दिवस रोज टाळत राहिले. ज्या माणसाला सगळं कळत होतं, तो रोज मला विचारत होता, आणि मी त्याला काहीच कळू देत नव्हते.

प्लॅस्टिक गुंडाळल्याच्या पाचव्या दिवशी शाळेला नाताळाची सुट्टी लागली. त्या दुपारी ऊन चांगलं पडलं होतं. मी अबोलीला पाणी घालत होते आणि अचानक पेटीच्या दारातून माश्या बाहेर येऊ लागल्या. आधी थोड्या, मग धो धो. हवेत नुसता गोंधळ. मला वाटलं, बऱ्या झाल्या, उन्हाला निघाल्या. पण त्या परत जाईनात. बावखलावरून वाडीच्या पलीकडच्या टोकाला गेल्या आणि शेवग्याच्या एका खालच्या फांदीवर उतरल्या. पाहता पाहता सगळ्या तिथे जमल्या.

पेटी रिकामी झाली होती. मी सुतळी तोडली, प्लॅस्टिक ओढून काढलं, आणि मग मला सगळं समजलं. प्लॅस्टिकच्या आतून पाण्याचे थेंब निथळत होते. झाकण उचललं तर ते आतून ओलं, पोळ्याच्या कडांना बुरशी. माश्यांच्या अंगची जी ऊब आणि वाफ, ती बाहेर पडायला मी वाटच ठेवली नव्हती. ती झाकणाला लागून गार व्हायची आणि पाणी होऊन त्यांच्याच अंगावर पडायची. दिवस-रात्र त्या थरथरून ऊब करत होत्या आणि मी ती पाण्यात घालवत होते. आकाशातून पडणाऱ्या पाण्याला मी अडवलं होतं. आतून येणाऱ्या पाण्याचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

मग फांदीवरच्या गोळ्याकडे गेले. पेटीतल्या वीस हजारांतल्या किती उरल्या होत्या? माझ्या दोन ओंजळींत मावतील एवढ्याच दिसत होत्या. ना पोळं, ना मध, ना भिंत, ना छप्पर. उघड्या फांदीवर ती थंडी.

दुसऱ्या दिवशी उजाडताना गेले. गोळा होता. जे पुस्तकात वाचलं होतं ते सगळं आता उघड्यावर डोळ्यांदेखत चाललं होतं. बाहेरच्या माश्यांची डोकी आत, शेपट्या बाहेर, कौलं एकावर एक बसवावीत तशा. मध्येच एखादी आत शिरायची, तिच्या जागी दुसरी बाहेर दिसायची. आवाज नाही. फक्त अगदी जवळ गेलं की गोळ्यावरून एक बारीक थरथर जाताना दिसायची. आणि झाडाखाली, दवाने भिजलेल्या गवतात, पडलेल्या माश्या. पाय पोटाशी घेऊन निजलेल्या.

मी त्यातली एक उचलली. मेली असेल म्हणून उचलली, जिवंत माशी हातात घेण्याची माझी छाती नाही. तळहातावर ठेवून बघत राहिले. थोड्या वेळाने तिचा एक पाय हलला. मी दुसरा हात वर धरला, फुंकर घातली. मग मिशा हलल्या, मग पोट वरखाली होऊ लागलं, मग ती उभी राहिली. माझ्या तळहातावर उभी राहून तिने अंग थरथरवलं आणि उडून गोळ्यात गेली. मी रडले, यात लपवण्यासारखं काही नाही. घरातून स्टीलची ताटली आणली, पडलेल्या सगळ्या गोळा केल्या, उन्हाच्या पहिल्या तिरिपेत धरल्या. निम्म्या उठल्या. निम्म्या उठल्या नाहीत.

ही तिरीप तिथे कशी होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. साडेसात वाजले होते. आंब्याखालच्या रिकाम्या पेटीवर अजून आमच्या इमारतीची सावली होती आणि शेवग्यावर ऊन आलं होतं. कुंपणाकडचा तो कोपरा सावलीच्या बाहेर राहत होता. माझ्या फळ्यावरच्या आकृत्यांतून मला जे सुचलं नव्हतं, ते त्यांनी एका दुपारीत शोधलं होतं. त्याच दिवशी मी रिकामी पेटी उचलून उन्हात वाळत ठेवली.

तिसऱ्या सकाळी गोळा एका ओंजळीवर आला होता. गवतातल्या बऱ्याच उठल्या नाहीत. मी ताटली खाली ठेवली आणि काकांना फोन लावला. त्यांनी विचारण्याआधीच बोलले. प्लॅस्टिक, पाणी, पिल्लं, फांदी, आणि रोजचं "छान आहेत", सगळं एका दमात.

"किती हायत?" काकांनी विचारलं.

"ओंजळभर."

"झाडाला हाय ना गोळा? सुटला नाय?"

"नाही."

"मग राणी हाय. टीचर, नीट ऐका."

ते विचारत गेले, मी उत्तरं देत गेले: पेटी उन्हात ठेवली होती का? कालपासून ठेवली होती. वाळलीय? वाळलीय. बुरशीचं पोळं कापून टाका, मधाचं एक चांगलं असेल ते ठेवा. माझ्या कपाटात बिस्किटाच्या डब्यात पत्र्याची जाळी हाय, ती दाराला लावा, तिच्यातून कामकरी माश्या जातील-येतील, राणी जायची नाय. आणि पेटी आंब्याखाली न्यायची नाय, शेवग्याखालीच मांडा. जागा त्यांनी निवडलीय. काकांच्या घराची किल्ली आमच्याकडेच होती, जाळी आणून लावली. नवऱ्याने पेटी उचलून शेवग्याखाली आणली, सोबत गोणपाटाची घडीही आणली. फोन स्पीकरवर टाकून गवतात ठेवला.

"आता हात घाला," काका म्हणाले.

"कुठे?"

"गोळ्याखाली. दोनी हात. भाताची ओंजळ घेतात तशी. गारठ्यात त्या उडायच्या नाय. दाबायचं नाय, झटकायचं नाय. उचला नि आत ठेवा."

"काका, माझे हात थरथरतायत."

"थरथरू द्या. त्या पन थरथरूनच जित्या हायत."

मी हात घातले. बाहेरून गार, खरखरीत. बोटं जरा आत गेली आणि मी दचकले. आत गरम होतं. ताप आलेल्या मुलाच्या काखेत हात घातल्यावर लागतं तसं गरम. दोन रात्री उघड्यावर, उपाशी, आणि मध्ये ती ऊब त्यांनी जपून ठेवली होती. मनगटाला दोन डंख बसले. हात मागे घेतला नाही. ओंजळ पेटीत ठेवली, झाकण लावलं, नवऱ्याने वर गोणपाट टाकलं, चारी बाजू मोकळ्या ठेवून.

"दारात बघा," फोनमधून आवाज आला. "थोड्या जनी शेपटी वर करून पंख हलवतायत का?"

पाच-सहा माश्या दारात उभ्या होत्या, तोंड आत, शेपटी वर. पंख इतक्या जोरात हलत होते की दिसत नव्हते. गवतातल्या, फांदीवर राहिलेल्या माश्या एकेक करून त्यांच्याकडे येत होत्या, चालत, अडखळत.

"हलवतायत," मी सांगितलं.

"मग राणी आत गेली. बाकीच्यांना बोलावतायत त्या," काका म्हणाले.

फेब्रुवारीत काका वॉकर घेऊन परत आले. मोहोर यायला लागला होता, ऊन तापायला लागलं होतं. त्यांनी पेटी उघडली, पोळ्याची एक चौकट वर धरली, उन्हाकडे तिरपी केली आणि घरांच्या तळाशी उभी असलेली, सुईच्या टोकाएवढी पांढरी अंडी मला दाखवली. प्लॅस्टिकबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत. खोट्याबद्दल बोलले. "चार दिवस आधी सांगितलं असतं तर पिल्लं वाचली असती, टीचर." आवाज चढवला नाही. मला त्या दिवशी त्यांनी ओरडायला हवं होतं.

आज सकाळी दूध तापवताना खोबरेलाच्या बाटलीकडे लक्ष गेलं आणि हात थांबला. काका आता शहात्तरचे आहेत. शेवग्याखाली एकाच्या दोन पेट्या झाल्या आहेत. दोन्हींवर गोणपाट आहे, मीच टाकलं आहे. तरी दूध उतरवून खाली गेले, दोन्हींना कान लावून आले. थंडीचं मला आता थोडंफार कळतं आणि त्यामुळे भीती कमी झालेली नाही, उलट नेमकी कशाची भीती वाटते ते कळायला लागलं आहे. मी फोन उचलला.

"काका, उठलात का? सगळं ठीक दिसतंय, आवाजही आहे. पण मला भीती वाटते आहे."

पलीकडे खोकल्याची उबळ आली आणि थांबली.

"मला पन वाटते, टीचर," काका म्हणाले. "दर थंडीत वाटते. या खाली, दोघं बसू."